बाथरूमच्या काचेचा साचा

चिखलीच्या बसस्टँडमागे काचा कापणाऱ्या एका गृहस्थांचं दुकान होतं. कापलेली काच ते तशीच कधी देत नसत. आधी ती उन्हात धरायचे आणि समोरच्या भिंतीवर पडलेला कवडसा डोळे बारीक करून बघायचे.

तेव्हा माझा एम.एस्सी.चा प्रकल्प अडला होता. सौर पॅनेलवर खडबडीत पारदर्शक लेप दिला, की ऊन कमी परत फिरतं आणि वीज थोडी जास्त मिळते. पण लेपावर खडबडीतपणा उमटवायचा साचा मला परवडत नव्हता, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर नापास व्हायच्या बेतात होता.

एकदा काच घ्यायला गेलो, तेव्हा हे त्यांना सांगितलं. ऐकून ते हसले. "एवढ्यासाठी तोंड काऊन पाडून राह्यला बे?"

त्यांनी बाथरूमच्या खिडकीला लावतात तसल्या नक्षीच्या काचेचा तुकडा साध्या काचेशेजारी उन्हात धरला. साधीचा कवडसा लख्ख पडला, नक्षीचा फिका.

"पाह्य, साधी काच ऊन वापस फेकते. हिच्यात ते गुतून राह्यते. घेऊन जा. पण तुह्या सरले बाथरूमची हाय म्हनून सांगू नको!"

त्या तुकड्याचा ठसा लेपावर उमटवला. लेपाचं पॅनेल उन्हात ठेवलं, तर वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा किंचित, पण नक्की पुढे सरकला.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "साचा कुठला?"

"बाथरूमच्या काचेचा, सर," मी सांगून टाकलं. मग साधं आणि लेपाचं, दोन्ही छोटी पॅनेल खिडकीतल्या उन्हात धरली आणि डोळे बारीक करून भिंतीवरच्या कवडशांकडे बघितलं.

सर खुर्चीतून उठले आणि माझ्या शेजारी येऊन तसेच बघू लागले.