मनीच्या डोक्यातली गाठ

२०२३ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. आमची मांजर मनी ताटलीतली अर्धी दूध-भाकर तशीच सोडायची. ती माजली असं समजून मी तिला दोनदा चप्पल मारली. पुढे ती उजवीकडेच गोल गोल फिरू लागली, तेव्हा मंगरूळपीरला जनावरांच्या डॉक्टरीणबाईकडे नेली.

बाई माझ्या नातीएवढी. टेबल सोडून जमिनीवर बसली. छाती तपासायची नळी तळहातावर ऊन करून मगच तिने मनीला लावली. मग एकेका डोळ्यासमोर बोट नेलं. डाव्या बाजूला मनीची पापणी हललीच नाही.

“बाबा, ही माजली नाही. तिले डावीकडचं दिसूनच नाही राह्यलं. मेंदूवर गाठ असन. नागपूरले मशीनीत फोटो काढा. मांजरीत अशी गाठ बहुतेक वरवर राह्यते, सोलून काढता येते. नाही काढली तर वाचणार नाही.”

“मी डोकं कापू देत नाही. माह्या मोतीबिंदूले बी कोणाले हात लावू दिला नाही.”

“तुमचा हट्ट तुमच्या डोळ्यापुरता ठेवा. तिनं कुठं हट्ट केला?”

बोलताना तिचा हात मनीच्या कानामागून फिरतच होता.  

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीला टोपलीत घातलं अन् घरी कोणाला न विचारता नागपूरची पहिली बस धरली.