मी नापास केलेल्या बिया

हे मी बायकोलाही कधी पूर्ण सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या दशकात मी डॅलसजवळच्या एका चॉकलेट कंपनीच्या लॅबमध्ये होतो. कोकोच्या बिया उभ्या चिरायच्या, आत बुरशी आहे का, कीड आहे का ते पाहायचं, मग वास घ्यायचा. माझ्या ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीनेच भरला होता. टपालात सरकारी पाकीट दिसलं की मी ते दोन-दोन दिवस उघडायचो नाही.

एकदा पश्चिम आफ्रिकेतल्या एका गावाच्या सोसायटीचा नमुना आला. सोबत तिथल्या शाळामास्तरांचं पत्र होतं. दलालाला वगळून थेट आम्हाला माल विकता आला तर चार पैसे गावात राहतील, असं त्यांनी लिहिलं होतं. बिया वाळवायला गावाने राबून भट्टीची शेड बांधली होती. बिया उत्तम होत्या. इतक्या स्वच्छ मी क्वचितच पाहिल्या होत्या, भट्टीच्या धुराचा वासही नव्हता.

खरेदी विभागात एक मराठी काका होते. मला नोकरी त्यांच्याच शब्दावर मिळालेली. कॅन्टीनमध्ये ते म्हणाले, "तो दलाल आमच्या खरेदीच्या साहेबांचा जुना माणूस आहे. उगाच भानगड नको."

"पण काका, माल चांगला आहे."

"असेल. तुझे पेपर्स कुठवर आलेत?"

"अजून आलेले नाहीत."

"तेच म्हणतोय. आधी कार्ड हातात येऊ दे, मग काय खरं बोलायचं ते बोल."

बुरशी खोटी लिहिली असती, तर दुसऱ्या कुणीही बिया चिरून ती ताडून पाहिली असती. वासाला मात्र माझंच नाक प्रमाण. रिपोर्टात मी लिहिलं: धुराचा वास, नापास. खाली सही केली.

पुढच्या हंगामात नव्या नमुन्यासोबत मास्तरांचं पुन्हा पत्र आलं. दोष कळवल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. गावाने भट्टीची शेड पाडून टाकली होती. त्यांनी लिहिलं होतं: आता बिया उन्हातच वाळवतो, यंदा पाऊस फार झाला, पण धूर नक्की गेलाय ना, तेवढं कळवा.

मी बिया चिरल्या. निम्म्याअधिक आतून बुरशीने भरलेल्या.

धूर कधी नव्हताच, हे खरं उत्तर दिलं असतं तर माझ्याच अक्षरात माझ्याविरुद्ध पुरावा झाला असता. पत्र साहेबांच्या हाती लागेल या धास्तीने मी ते घरी नेऊन फाडलं. रिपोर्टात 'बुरशी' लिहिलं. ते तर खरंच होतं.

त्या वर्षाअखेरीस कार्ड आलं. मास्तरांचा पत्ता मला पाठ होता, आणि आता मला कुणी परत पाठवणार नव्हतं. तरी पेन उचललं आणि परत ठेवलं. शेड पुन्हा बांधा, एवढंच लिहायचं होतं. मी लिहिलं नाही.