खडूनं लिहिलेलं ‘उलट’

गल्लीत तिला सगळे पिशवीमावशी म्हणत. भाजीच्या पिशवीशी या नावाचा काही संबंध नव्हता. गल्लीच्या टोकाला लोखंडाचे ओतीव भाग घासून गुळगुळीत करणारा कारखाना होता. तिथली धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रात माणसाच्या उंचीच्या कापडी पिशव्या टांगलेल्या असत. हवा कापडातून पार आत जायची आणि धूळ पिशवीच्या बाहेरच अडायची. या पिशव्या, शहाण्णवच्या शहाण्णव, मावशी आपल्या पुढच्या खोलीत शिवायची. वीस वर्षं हेच काम. आपल्या टाक्यातून डासाची सोंडसुद्धा जायची नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. कुणी विचारलेलं नसताना ऐकवायची, हेही सांगायला हवं.

त्यामुळे गल्लीतल्या गाड्यांवर काळी धूळ बसू लागली तेव्हा सगळ्यांची बोटं सरळ तिच्या दाराकडे वळली. साधी धूळ असती तर झटकून मोकळे झाले असते. ही लोखंडाची. पहाटेच्या दवानं भिजायची आणि गाडीच्या रंगावर तांबूस ठिपके उमटवायची. ओल्या फडक्यानं ते जात नसत, कोरड्यानं घासलं तर ओरखडे वर बक्षीस. समोरच्या आजोबांनी खिडक्या बंद केल्या, दोरीवरचे कपडे घरात गेले. कुणा टवाळानं तर एका धुळकट काचेवर बोटानं ‘मावशीची कृपा’ असं लिहून ठेवलं.

ती काच टॅक्सीवाल्याच्या पांढऱ्या टॅक्सीची होती. टॅक्सीवाला मावशीच्या शेजारचाच. दर महिन्याला तिच्या नव्या पिशव्या तो आपल्या डिकीत टाकून कारखान्यात पोचवायचा, आणि त्याच्या सीटची कव्हरं मावशी शिवून द्यायची. तो भांडला असता तर मावशीला बरं वाटलं असतं. उलट बोलण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. पण तो बोलायचाच बंद झाला. समोरून आला की टायर बघितल्यासारखं करायचा. मावशीला ते फार लागलं.

तिनं टाचण्या वेचायचं चुंबक रुमालात गुंडाळलं आणि स्वतःच्या खिडकीच्या चौकटीवरून फिरवलं. रुमालाला काळी मिशी फुटली. म्हणजे धूळ कारखान्याचीच होती, यात वादच उरला नाही. मग तिनं घरात शिल्लक असलेली एक पिशवी घेतली, पडदे ओढले, आत दिवा सोडला आणि शिवण इंच इंच तपासली. कुठंही प्रकाशाचा ठिपका नाही. तिनं चपला घातल्या आणि कारखाना गाठला.

तिथला जुना फिटर तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाला होता. नवा दुसऱ्या खात्यातून आलेला, पिकल्या मिशांचा, अतिशय शिस्तीचा माणूस. मॅनेजरसाहेबांच्या परवानगीनं त्यानं यंत्र थांबवून एक पिशवी काढून दिली. मावशीनं त्यावरून हात फिरवला आणि ती चमकली. या कापडाची एक बाजू भाजून गुळगुळीत केलेली असते. धूळ त्या बाजूवर बसते आणि झटका दिला की खाली पडते. इथं लवदार बाजू बाहेर होती. लवीत शिरलेली धूळ झटकली जात नव्हती, ती रेटून रेटून कापडाच्या पार जात होती आणि हवेबरोबर गल्लीत पडत होती. पिशव्या कुणी उलटवल्या, असं तिनं जरा चढ्या आवाजातच विचारलं.

फिटर शांतपणे म्हणाला, “तुम्हीच लिहिलं होतं की. तोंडाशी, आतून, खडूनं. ‘उलट’. मी उलटली. एकही सोडली नाही.”

मावशीनं कपाळावर हात मारला. ही उलट बाजू आहे, ती आत ठेवा, एवढंच तिला म्हणायचं होतं. जुना फिटर ते कधी वाचतच नव्हता, त्यामुळे वीस वर्षं निभावलं. हा वाचणारा निघाला. आधी तिला घाम फुटला, मग हसू फुटलं, आणि मग मॅनेजरसाहेबांनाही ते आवरेना. हसून झाल्यावर ते म्हणाले की गल्लीला फिटरची चूक म्हणून कळवू, तुमचं नाव कशाला. फिटरनं मान खाली घातली. मावशीला ती मान बघवली नाही.

संध्याकाळी तिनं सगळ्यांना टॅक्सीपाशी जमवलं. “पिशव्या उलटल्या त्या फिटरनं, पण सांगितलं मी,” ती म्हणाली. “टाका माझा सरळच आहे. शब्द वाकडा गेला.” मावशी उलट बोलते हे ठाऊक होतं, आता लिहायलाही लागली, असं आजोबा म्हणाले आणि गल्ली हसली. टॅक्सीवाला मात्र हसला नाही.

आठवड्याभरात कारखान्यात नव्या पिशव्या चढल्या, प्रत्येकीवर ‘ही बाजू आत’ असं तीन ठळक शब्दांत. गाड्या रंगवणाऱ्याकडून मावशीनं ठिपके काढायची मऊ चिकणमाती आणली, साबणाचं पाणी केलं आणि टॅक्सीच्या बॉनेटवर ती हलक्या हातानं फिरवत बसली. थोड्या वेळानं टॅक्सीवाला आला, मातीचा अर्धा तुकडा तोडून घेतला आणि पलीकडच्या बाजूनं घासू लागला. दोघं दुपारपर्यंत घासत होते.

पंधरा दिवसांनी सकाळी मावशी दार झाडत होती. टॅक्सीवाल्यानं काचेवरून बोट ओढलं आणि तिच्यासमोर धरलं. स्वच्छ होतं.

“मावशी, आता लिहायला धूळच उरली नाही,” तो म्हणाला, आणि त्यानं डिकी उघडली. “पुढच्या पिशव्या कधी न्यायच्या?”

“आत्ताच ने,” मावशी म्हणाली, आणि झाडू टेकवून शिवलेल्या पिशव्या आणायला आत गेली. टाक्यांची बढाई त्या दिवशी राहूनच गेली.