सुभेदार आणि पाटणची पांढरी पानं

सुभेदारांना घाण दिसली की ते उठून साबणाने हात धुवायचे. घाण म्हणजे गटार किंवा उष्टी ताटं नव्हेत, संगणकाच्या पडद्यावरची घाण. एकाच्या नावापुढे दुसऱ्याच्या बापाचं नाव चिकटलेलं दिसलं, की दुधात माशी पडल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं. खुर्ची मागे सारून ते बेसिनपाशी जायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि रुमालाला पुसत परत येऊन ती नोंद दुरुस्त करायला बसायचे. ऑफिसात सगळ्यांना ते वेड वाटायचं. मीही हसणाऱ्यांतलीच होते.

साताऱ्यातल्या आमच्या छोट्या कंपनीला माजी सैनिकांच्या कुटुंबांचे जुने कागद एका डेटाबेसमध्ये आणायचं काम मिळालं होतं. कोरेगाव, मेढा आणि पाटण इथे भाड्याच्या खोलीत एकेक मशीन होतं. लोक कागद घेऊन यायचे, तिथे त्यांचे स्कॅन व्हायचे आणि प्रत्येक स्कॅनला इंटरनेटवरचा एक पत्ता मिळायचा. मी लिहिलेला प्रोग्राम साताऱ्यातून त्या पत्त्यांवर एकामागून एक हाक मारायचा आणि आलेला कागद डेटाबेसमध्ये भरायचा. सुभेदार मेढ्याकडचे, फौजेत सिग्नलला नोकरी झालेली. साहेबांनी त्यांना तपासनीस म्हणून घेतलं ते शोभेसाठी, कारण सैनिकांच्या कामात एक मिशीवाला सैनिक दिसायला बरा. शोभेचा माणूस खरोखरच तपासायला लागला, ही साहेबांची पंचाईत झाली.

बिनतारी संदेशांत उभा जन्म गेल्यामुळे त्यांना एक खोड होती. काहीही सांगितलं की समोरच्याने ते परत म्हणून दाखवायचं. चहावाल्यालासुद्धा सुटका नव्हती. "दोन कमी साखरंचे, एक बिनसाखरंचा. परत म्हन." तो बिचारा परत म्हणायचा. मी "हो काका" म्हटलं की ते पेन खाली ठेवून विचारायचे, "व्हय काय? मी काय म्हनलो ते सांगा बगू." नुसतं 'हो' म्हणणाऱ्या माणसाचा त्यांना भारी तिटकारा होता. पोचलं म्हणणं आणि पोचणं यात लय अंतर हाय, असं ते म्हणायचे.

मी सांगलीकडची, जैन घरातली. दिवस मावळायच्या आत जेवायची सवय. हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि उन्हं कलली की टेबलावर बोट वाजवायला सुरुवात केली. "इंजिनेरबाई, मशीन थांबंल, दिवस थांबत न्हाई. डबा उघडा." साहेब समोर उभे असले तरी वाजवायचे. परगावी इतक्या काळजीने मला दुसऱ्या कुणी जेवायला बसवलं नाही.

मशीनकडून कागदाऐवजी कधी कधी काय चुकलं ते सांगणारा आकडा यायचा. सुभेदारांनी ते आकडे आठवड्यात पाठ केले. चारशे चार म्हणजे त्या पत्त्यावर कागदच नाही. पाचशे तीन म्हणजे कागद आहे, पण मशीन दमलंय, आत्ता देता येत नाही. "चारशे चार म्हंजे मानूस त्या घरात ऱ्हातच न्हाई," ते मला म्हणाले. "आन पाचशे तीन म्हंजे हाय घरात, पन हातात काम हाय. दार बडवत बसायचं न्हाई. वाईच थांबून परत हाक मारायची. दोन्हीला एकच उत्तर कसं चालंल?" पाटणचं मशीन सगळ्यांत दुबळं होतं. माझा प्रोग्राम हाकांवर हाका मारायचा आणि ते दमायचं. मी मान डोलावली. त्या दिवशी त्यांनी मला परत म्हणायला लावलं नाही, हे माझं दुर्दैव.

पुढे जे केलं ते लिहिताना मला अजून शिसारी येते. काम शुक्रवारी संपवायचं होतं. चूक आली की माझा प्रोग्राम थांबायचा आणि साहेबांच्या पडद्यावर लाल रंग यायचा. साहेब म्हणाले, "थांबता कामा नये. मला हिरवं पाहिजे." थांबून परत हाक मारायचं शिकवायला मला दोन दिवस लागले असते. त्याऐवजी मी दोन ओळी लिहिल्या. पत्त्यावरून जे काही येईल ते भर आणि पुढे जा. आकडा बघूच नको. तासाभरात सगळी यादी हिरवी झाली. साहेबांनी कंदी पेढे मागवले, आणि मी ते मिटक्या मारत खाल्ले.

सुभेदारांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. "उगडून बगितलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काका, संख्या जुळली. जेवढे पत्ते तेवढे कागद." ते म्हणाले, "मोजून काय कळतंय?" आणि यादीतून पाटणच्या हिराबाईंचं नाव काढलं. हे नाव आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या नवऱ्याचं पलटणीतून सुटतानाचं पुस्तक इतकं जुनं होतं की स्कॅन करताना काचेवरच त्याचा चुरा झाला होता. त्या पुस्तकात बायको म्हणून त्यांचं नाव होतं. त्यांच्याकडच्या दुसऱ्या कुठल्याच कागदावर ते नाव नव्हतं.

सुभेदारांनी नोंद उघडली. पांढरं पान होतं आणि मधोमध एक ओळ, सेवा सध्या उपलब्ध नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. पुढची नोंद उघडली. तेच पान. पाटणच्या कितीतरी माणसांच्या नावावर मी तेच पान चिकटवलं होतं. सुभेदारांनी पेढा खोक्यात परत ठेवला आणि ते हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

परत आल्यावर ते ओरडले नाहीत. "तुमी घान भरली, इंजिनेरबाई. रिकामं ठिवलं असतं तर बरं झालं असतं. रिकामं दिसलं की मानूस भराय जातो. ह्ये भरल्यागत दिसतंय, म्हंजे कोन बी बगनार न्हाई." मग त्यांनी पाटणला फोन लावला. "मशीन पुसू नगंस. परत म्हन." पलीकडून काही बोलणं झालं. सुभेदारांनी फोन हळूच खाली ठेवला. यादी हिरवी झाल्याबरोबर साहेबांनी पाटणची खोली सोडायला सांगितली होती. दुपारीच मशीन कोरं करून झालं होतं.

दोन हाका सावकाश मारल्या असत्या तर ते पुस्तक साताऱ्यात आलं असतं. सकाळपर्यंत त्याचा स्कॅन पाटणच्या मशीनवरच होता. मी साहेबांना सांगायला गेले तर साहेब पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "नोंद मिळाली असं दिसतंय ना? मग आपलं काम झालं." आणि ते खोक्यातला पेढा उचलून खाऊ लागले. सुभेदारांनी ठेवलेलाच असावा. सुभेदारांनी तपासणीच्या कागदावर सही केली नाही. पेन खिशाला लावलं, मला म्हणाले, "चला," आणि आम्ही पाटणच्या एसटीत बसलो.

वाटेत मी म्हटलं, "काका, तुम्ही सांगा हिराबाईंना." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घान कुनी केली?" हिराबाई अंगणात घेवडा निवडत बसल्या होत्या. त्यांनी सुभेदारांना पाट दिला, मला पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. त्यांना मशीन, पत्ता, आकडे यातलं काही कळायचं कारण नव्हतं, आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं जे मला कुणी विचारायला हवं होतं. "आवं सुभेदार, मिळालं न्हवतं तर हिनं मिळालं असं का म्हनलं?" सुभेदार माझ्याकडे बघत राहिले.

त्यानंतर सुभेदार कामावर आले नाहीत. मीही महिन्याभरात सांगलीला परतले. पण ते पलटणीच्या कार्यालयाला पत्रं लिहीत राहिले. तिथल्या दप्तरात त्या पुस्तकाची प्रत असणार, याची त्यांना खात्री होती. प्रत्येक पत्राला एका ओळीचं उत्तर यायचं, आपले पत्र मिळाले. फोनवर मला ते वाचून दाखवायचे. "मिळालं म्हनत्यात. वाचलं का ते कुनी सांगंना. हात धून धून साल निगाय आली बगा." मग थोडं हसायचे आणि विचारायचे, "डबा खाल्ला का?" शेवटची दोन पत्रं त्यांनी फोनवर सांगितली तशी मी लिहिली, कारण तोवर त्यांना पेन धरवत नव्हतं. दुसरं पत्र टाकलं त्याच आठवड्यात मेढ्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. सुभेदार गेले होते.

पत्रं मी चालू ठेवली. सांगलीतही आता जुने कागद डेटाबेसमध्ये भरायचंच माझं काम आहे. माझा प्रोग्राम दमलेल्या मशीनसाठी थांबतो, परत हाक मारतो, आणि मिळालं नाही तर जागा रिकामी ठेवून लाल रंग दाखवतो. इथल्या साहेबांनाही लाल आवडत नाही. त्यांना हिरवं आवडतं, आणि त्यांच्या त्या आवडीची मला किळस आहे.

गेल्या महिन्यात पलटणीकडून प्रत आली. मी ती स्कॅन केली, उघडली, पानन् पान बघितलं आणि पाटणला फोन लावला. पुस्तकातली ओळ वाचली. नवऱ्याचं नाव, गाव, आणि पुढे पत्नी, हिराबाई.

"परत म्हन, बाय," हिराबाई म्हणाल्या.

मी परत म्हटलं.