फ्यूकस या नावाचा अर्थ

समुद्रातलं शेवाळ कागदावर बसवायचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. उथळ ट्रेमध्ये पाणी, पाण्यात कागद, कागदावर तरंगणारं शेवाळ. फांदी न् फांदी सुईने मोकळी करायची आणि कागद अलगद वर उचलायचा. संग्रहालयात या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणूनच मोठ्या सरांनी आपल्याला ‘फ्यूकस’ हे नाव ठेवलं, अशी तिची समजूत होती. फ्यूकस हे एका तपकिरी शेवाळाचं शास्त्रीय नाव. सरांनी तशी हाक मारली की सगळे हसायचे, तीही हसायची. घरीसुद्धा कौतुकाने सांगायची.

एका रविवारी भाऊ आणि वहिनी जेवायला आले. वहिनी कॉलेजात जुन्या भाषा शिकवायची. ते नाव ऐकताच तिचा घास हातातच राहिला. तिने विषय बदलून पाहिला, पण नणंद पिच्छा सोडीना.

“ताई, शेवाळ हा अर्थ आहेच,” वहिनी शेवटी म्हणाली. “पण लॅटिनमध्ये तोच शब्द लाल रंगालाही वापरतात. मग गालाला लावायची लाली. आणि त्यावरून सोंग, वरवरचा मुलामा.”

नणंदेचा हात आपसूक डाव्या गालावर गेला. लहानपणी उकळत्या पाण्याने तो भाजला होता. रोज पावडरीचा जाड थर दिल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नसे, आणि डाग कुणाच्या ध्यानात येत नाही याची तिला पक्की खात्री होती. आता भाऊ काहीतरी समजूत घालत होता. तिला ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही पोचत नव्हता. एकोणीस वर्षं सगळे कशाला हसत होते?

सोमवारी ती थेट सरांच्या टेबलापुढे उभी राहिली. नावाचा अर्थ आपल्याला समजला, एवढंच तिने सांगितलं. सर क्षणभर गोंधळले. मग चष्मा पुसत म्हणाले, “तुम्हाला तो कधी कळेल असं वाटलं नव्हतं.”

माफी मागतील, निदान नाही म्हणतील, अशी आशा तिला होती.  ती जागेवर आली, ट्रेमध्ये पाणी भरलं. पण त्या दिवशी सुई हातात घेतली नाही.

पुढे त्या नावाने कुणी हाक मारली की ती मान वर करत नसे. सरांनी दोनदा मारून पाहिली. तिसऱ्यांदा त्यांना शेजारच्या कारकुनाला तिचं खरं नाव विचारावं लागलं.