भट्टीच्या खोलीतली खिडकी

गल्लीतल्या संशयी तांबटाला सगळे 'दुर्बीण' म्हणत. बायकोने चहाला हाक मारली तरी ते विचारत, "आज एवढ्या लवकर कसा?" अशा माणसाची भट्टी त्यांचा सख्खा मेहुणा सांभाळायचा.

मेहुणा कोळसा लांबवतो, या संशयाने त्यांनी भट्टीच्या खोलीला मोठी खिडकी पाडली. चोरी दिसली नाही.

"सापडला का चोर?" बायकोने विचारलं.

"सापडेल कसा? त्यालाही खिडकी दिसते ना!"

त्यानंतर हंडे चिरू लागले. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की ताठर होतो, म्हणून मधूनमधून लाल तापवून पाण्यात बुडवायचा, की पुन्हा नरम. पण आता तापवलेला पत्राही काठाशी फाटे, आणि त्याचं अंग संत्र्याच्या सालीसारखं खरबरीत होई. पत्रा आणायचा मेहुणाच.

"भेसळ! उद्यापासून येऊ नकोस," दुर्बीण गरजले.

"एकुलता एक भाऊ आहे माझा," बायको म्हणाली. "त्याला हाकललंत, तर मीही निघाले."

मग पुरावाच द्यावा म्हणून त्यांनी खाटेखालून स्वतः घेतलेला जुना पत्रा काढून त्याचा एक तुकडा कापला. "बघ, खरं तांबं कसं वागतं!" मेहुण्याला बाजूला सारून ते भट्टीशी बसले. खिडकीतून ऊन थेट निखाऱ्यांवर पडलं होतं. पत्रा लाल दिसेना. ते भाता मारत राहिले. अखेर लाली दिसली, पत्रा पाण्यात गेला, ऐरणीवर आला आणि काठ चिरला. तेच खरबरीत अंग.

"दाजी, हाही मीच आणला का?"

बायको दारातून म्हणाली, "केवढं हे ऊन! मामंजी तर भट्टीपाशी दिवासुद्धा लावू देत नसत."

दुर्बिणींनी हातोडा खाली ठेवला. अंधारात जी मंद लाली दिसते, ती उन्हात दिसतच नाही. दिसेपर्यंत तांबं भलतंच तापून बिघडलेलं असतं.

"आधी बोलायला काय झालं होतं?" त्यांनी मेहुण्याला विचारलं.

"बोललो होतो. तुम्ही म्हणालात, उजेडाला चोरच भितो."

दुर्बिणींनी खिडकीवर जाड गोणपाट ठोकलं. खोली काळोखली. मेहुण्याने त्याच पत्र्याचा दुसरा तुकडा निखाऱ्यांत सारला आणि मंद लाली येताच उचलला. या वेळी काठ हातोड्याखाली मऊ वळत गेला.

"उद्या वेळेवर ये," दुर्बीण म्हणाले. "मी इथेच बसेन."

"राखणीला?"

"रंग बघायला," ते म्हणाले. पण नजर कोळशाच्या पोत्यावर गेलीच.