शाळेपुढचा ताणा

बोलता बोलता तो अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायचा. बोटांत काही नसायचं, तरी. विणकराच्या घरची सवय ती, तुटलेला धागा असाच पिळून सांधतात. कुणाची पाटी फुटो की कुणाची दोस्ती तुटो, त्याचं उत्तर ठरलेलं, "जोडून घेऊ ना गा." तुमच्याही वर्गात असा एखादा असेल, ज्याच्या नुसत्या बोलण्यानं तुम्ही निर्धास्त व्हायचा.

इंग्रज सरकारचे दिवस. आमची शाळा नागपुरात, विणकरांच्या वस्तीत होती. माझे वडील कचेरीत कारकून, आणि जागा स्वस्त म्हणून आम्ही तिथे राहायचो. तो माझ्याच बाकावर बसायचा. त्याला मास्तर व्हायचं होतं. मधल्या सुटीत तो मला उभं करून धडा म्हणायला लावी आणि चुकलो की कान पिळी. चांगला जोरात पिळायचा मेला.

एके वर्षी वरून हुकूम आला. या शाळेत इंग्रजी बंद, त्या तासाला मुलांना विणकाम शिकवायचं. कोणत्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं देव जाणे. इंग्रजी नाही म्हणजे हायस्कूल नाही, आणि हायस्कूल नाही तर मास्तरकी कुठली?

तो तडक हेडमास्तरांपुढे गेला. "माग तं आमच्या घरीच हाय, गुर्जी. तेच शिकाले शाळेत काहून यावं?"

हेडमास्तर वाईट नव्हते, घाबरट होते. त्यांनी त्याला बाहेर काढलं. मग तो घरोघर फिरला, पोरं गोळा केली आणि आम्ही वर्गाबाहेर बसलो. घरून मार बसला तशी निम्मी पोरं परत आत गेली. मला वाटलं, संपलं. तो बोटं घासत म्हणाला, "थांब गा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं घरचा ताणा आणून शाळेच्या फाटकापुढे मांडला. विणण्याआधी उभे धागे गल्लीत लांबवर ताणून त्यांना खळ लावतात, तो ताणा. त्या वस्तीत मांडलेला ताणा कुणी ओलांडत नाही. बैलगाडीवालासुद्धा मुकाट्यानं गाडी मागे घेतो. पोरं आली आणि थांबली. कुणाला समजवावं लागलं नाही. हेडमास्तरांनी शिपायाला तो काढायला सांगितलं. शिपाई वस्तीतलाच. त्यानं हात मागे बांधले. "दुसरं काहीबी सांगा साहेब, हे नाही होत माह्याच्यानं."

दुपारी पोलीस आले. ते बाहेरचे होते. त्यांनी चाकूनं ताणा मधोमध कापला.

त्याचा बाप धावत आला. रागावेल, मारेल असं वाटलं होतं. तो खाली बसला आणि धुळीतले धागे गोळा करू लागला. हा त्याच्या शेजारी बसला. "जोडून घेऊ ना, बा," म्हणाला. दोन तुटकी टोकं बोटांत धरून पिळू लागला. मला ते बघवेना.

वस्ती बिथरली. कुणी पोरं शाळेत पाठवीना. शेवटी इंग्रजी परत आली, पण एका अटीवर. ताणा ज्यानं मांडला त्याचं नाव कमी करायचं. आम्ही सगळे उभे राहिलो, आम्हीच मांडला म्हणालो. तो हसला.

"ताणा माह्या घरचा व्हता गुर्जी. याईले काय मांडता येते?"

आणि पाटी उचलून गेला.

त्याचं घर शाळेच्या भिंतीला लागून होतं. तो बापाच्या मागावर बसला. दिवसभर खटखट ऐकू यायची. इंग्रजीचा तास सुरू झाला की मात्र माग थांबायचा. तो ऐकायचा. आमच्या मास्तरांच्याही ते ध्यानात आलं. ते खिडकीशी उभे राहून मोठ्यानं वाचू लागले. मला वाचायला उठवलं की मीही तिकडे तोंड करून वाचायचो. चुकलो की भिंतीपलीकडून खोकला यायचा.

त्या वर्षी तापाची साथ आली, शाळा बंद झाली. मला आजोळी धाडलं. शाळा उघडल्यावर परत आलो त्या दिवशी इंग्रजीचा तास लागला, मास्तर खिडकीशी गेले आणि वाचू लागले. माग थांबला नाही. मी शेजारच्याला म्हटलं, "रुसलं वाटते पोट्टं." शेजारच्यानं पुस्तक तोंडापुढे धरलं.

शाळा सुटल्यावर गेलो. मागावर बाप होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आडवा धागा टाकायचा धोटा हातात तसाच.

"तो गेला गा," म्हणाला. "तापात म्हणे, शाळा उघडली का तासाले थांबवून ठेवत जाय माग, मले ऐकू दे. आता मी कोणासाठी थांबवू? मले कुठं समजते इंग्रजी."

मागावर तोच, पोलिसांनी कापलेला ताणा होता. मधोमध गाठींची एक आडवी ओळ होती, आणि बाप आता विणत तिथवर आला होता.